बॅटरी पॅकमधला जोड न तोडता कसा तपासायचा? बेळगाव, खानापूर, निपाणीकडून येणारे प्रश्न

बेळगावात फौंड्री आणि मशीनिंगचं काम दोन-तीन पिढ्या चालत आलंय. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या शेडमध्ये ज्यांनी कास्टिंगमधले ब्लो होल (हवेच्या पोकळ्या) शोधले, डीपी टेस्ट (रंगीत द्रव लावून भेग शोधायची तपासणी) केल्या, ती माणसं आणि त्यांची आयटीआय-डिप्लोमा झालेली मुलं आता इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीबद्दल विचारायला लागली आहेत. कुणाला पॅक बांधायचं छोटं युनिट टाकायचंय, कुणाला पुणे-बंगळूरकडे नोकरी बघायचीय. मी एनडीटीच्या, म्हणजे वस्तू न तोडता तपासायच्या, कामातला माणूस, त्यामुळे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं एकत्र लिहून ठेवतोय.

माझं मुख्य म्हणणं आधीच सांगतो. बॅटरीतला वाईट जोड पुष्कळदा चांगल्या जोडासारखाच दिसतो आणि सगळा पॅक एकदम मोजून तो सापडत नाही. तो त्या जोडावरच, झाकण बसायच्या आधी पकडावा लागतो.

बॅटरीत वेल्डिंग असतं तरी कुठं?

बऱ्याच ठिकाणी. सेलच्या आत तांब्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या फॉइलचे थर एकत्र करून टॅबला (करंट बाहेर नेणाऱ्या पट्टीला) जोडलेले असतात. ही फॉइल काही मायक्रॉन जाडीची असते. चौकोनी सेलचं झाकण डब्याला लेझरने जोडलेलं असतं. ही दोन्ही कामं सेल बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यातली.

आपल्याकडच्या माणसांचा संबंध येतो तो त्यानंतर, म्हणजे सेलला सेल जोडून पॅक करताना. गोल सेलवर निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने मारतात, त्यातल्या एकेका ठिपक्याला आम्ही टाका म्हणतो. १८६५० म्हणजे १८ मिमी व्यास आणि ६५ मिमी उंची, २१७०० म्हणजे २१ आणि ७०. चौकोनी सेलच्या टर्मिनलवर ॲल्युमिनियमचा बसबार (करंट नेणारी जाड पट्टी) लेझरने जोडतात. पाऊच सेलचे (पिशवीसारख्या चपट्या सेलचे) टॅब अल्ट्रासॉनिकने किंवा लेझरने. काही ठिकाणी ॲल्युमिनियमची तार अल्ट्रासॉनिक पद्धतीने सेलवर टाचतात. शिवाय मोठ्या पॅकमध्ये कूलिंग प्लेट आणि बाहेरची पेटी असते, त्यांचेही जोड आलेच.

एवढ्याशा टाक्यासाठी एवढा आटापिटा कशाला?

हिशोब करून बघा. स्कूटरचा ४८ व्होल्टचा एक नेहमीचा पॅक घेऊ: १३ गट सिरीजमध्ये (एकापुढे एक) आणि प्रत्येक गटात १० सेल पॅरलल (शेजारी-शेजारी). म्हणजे १३० सेल. प्रत्येक सेलला दोन टोकं, म्हणून २६० जोड. समजा तुमचे हजारातले ९९९ जोड उत्तम येतात. कास्टिंगमध्ये असं रिजेक्शन असतं तर आपण पेढे वाटले असते. पण इथं २६० च्या २६० जोड चांगले यायची शक्यता साधारण ७७ टक्केच उरते. म्हणजे शंभर पॅकमधल्या तेवीस पॅकमध्ये कुठं ना कुठं एक तरी खराब जोड असणार. दहा हजारातला एकच खराब येईल इतकं काम सुधारलं तरी शंभरात दोन-तीन पॅक उरतातच.

खराब जोड करतो काय, तर तापतो. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. १०० अँपिअर जाणाऱ्या बसबारच्या जोडाचा रेझिस्टन्स ०.१ मिलिओहम असेल तर तिथं १ वॅट उष्णता तयार होते, ही निघून जाते. तोच जोड १ मिलिओहमचा झाला तर १० वॅट, आणि तेही नखाएवढ्या जागेत, सेलच्या अगदी डोक्यावर. सोल्डरिंगची छोटी गन २५ वॅटची असते, ती किती चटका देते ते हाताला माहीत आहे. तापल्यावर जोड आणखी ढिला होतो, ढिला झाला की आणखी तापतो. त्यात जांबोटी-चोर्ला रस्त्यावर रोज गाडी आपटत असेल तर अर्धवट धरलेला टाका सुटायला वेळ लागत नाही. या गाडीवर कुणाचं तरी पोर शाळेला जाणार असतं, हे डोक्यात ठेवूनच मी हे काम करतो.

पॅक झाल्यावर चार्ज-डिस्चार्ज करून बघतोच की. त्यात कळत नाही काय?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

वरच्याच पॅकमध्ये एका गटातल्या दहापैकी एका सेलचा टाका सुटला असं धरा. गाडी उभी असताना व्होल्टेज मोजलं तर तेरा गट सारखेच दिसतील, कारण पॅरलल गटाचं व्होल्टेज उरलेले नऊ सेल धरून ठेवतात. आता ४० अँपिअरचा लोड टाका. आधी प्रत्येक सेल ४ अँपिअर देत होता, आता नऊ सेल ४.४४ देतील. चालेल गाडी. पूर्ण पॅकचा रेझिस्टन्स इतका किंचित बदलतो की मोजमापातल्या चुकीतच तो फरक बुडून जातो. पूर्ण डिस्चार्ज केला तर तो गट बाकीच्यांच्या आधी संपतो, तेवढी एक खूण मिळते. पण ज्यांना त्याच दिवशी पॅक पाठवायचा असतो त्यांच्याकडे हे बारकाईने बघितलं जात नाही.

याहून वाईट अवस्था म्हणजे अर्धवट टाका. पट्टी सेलला टेकलेली आहे पण धातू एकजीव झालेला नाही. टेस्टिंगच्या दिवशी करंट व्यवस्थित जातो. पावसाळा गेला, धक्के बसले, टेकलेल्या जागी ऑक्साइड आलं, की मग तक्रार येते.

सिरीजमधला जोड, म्हणजे एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे जाणारा, खराब असेल तर मात्र लोडवर कळतो. ४० अँपिअरला ५ मिलिओहम जादा असेल तर ०.२ व्होल्ट तिथंच पडतात. बीएमएसची (पॅकवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटची) व्होल्टेज मोजणारी तार त्या जोडाच्या पलीकडे असेल तर तो गट कोसळल्यासारखा दिसतो, आणि आपण बिचाऱ्या चांगल्या सेलला दोष देतो.

डोळ्यांनी बघून काय काय कळतं?

बरंच कळतं. फक्त नुसतं बघून पास करू नका. स्पॉट वेल्डिंगमध्ये टाक्यांची जागा, संख्या, दोन टाक्यांमधलं अंतर, उडालेले कण, पट्टीला पडलेलं भोक, जळकट काळा डाग हे भिंगाखाली स्पष्ट दिसतं. डब्याच्या पत्र्याला भोक पडलं असेल तर इलेक्ट्रोलाइटचा गोडसर, सॉल्व्हंटसारखा वास येतो. असा सेल लगेच बाजूला काढा, हुंगत बसू नका. लेझरच्या रेषेत खड्डे, तुटकपणा, बाजूला उडालेले थेंब दिसतात.

दिसत नाही ती एकच गोष्ट, आणि तीच महत्त्वाची: खाली धातू किती खोल आणि किती रुंद मिसळला. कॅमेऱ्यालाही ते दिसत नाही. एआयवाला कॅमेरा बसवून देतो म्हणून पार्टी येते तेव्हा तिला एवढंच विचारा की याला खराब नमुने कुठले दाखवून शिकवलंय. मुद्दाम करंट कमी करून, दाब कमी करून, पट्टीला तेलाचा हात लावून खराब टाके तयार करायचे, ते ओढून बघायचे आणि मग त्यांचे फोटो मशीनला शिकवायचे. ज्याने हे केलं नाही त्याचा कॅमेरा फक्त सुंदर टाका ओळखतो.

मल्टीमीटर लावला तर चालतो काय?

नाही. मल्टीमीटरच्या तारांचाच रेझिस्टन्स ०.२ ते ०.५ ओहमच्या आसपास असतो आणि आपल्याला ओहमचा दहाहजारावा भाग मोजायचा असतो. त्यासाठी चार तारांची पद्धत लागते. दोन तारांनी ठराविक करंट सोडायचा आणि वेगळ्या दोन टोकांनी फक्त व्होल्टेज उचलायचं. व्होल्टेजच्या तारांतून करंट जवळपास जातच नाही, म्हणून त्यांचा स्वतःचा रेझिस्टन्स मापात येत नाही. बाजारात मायक्रो-ओहम मीटर म्हणून मिळतं ते हेच.

एक टोक बसबारवर, दुसरं टर्मिनलवर ठेवलं की मध्ये फक्त जोड येतो, सेलचं व्होल्टेज येत नाही. टोकं दर वेळी त्याच जागी टेकली पाहिजेत. दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी पट्टीचा रेझिस्टन्स मिळवला जातो आणि आकडा बदलतो. म्हणून हाताने टेकवू नका, स्प्रिंगवाल्या पिनांचा जिग (जागा पक्की धरणारा साचा) करून घ्या. बेळगावात जिग करणाऱ्यांची कमी नाही. तापमानाची नोंदही ठेवा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो, म्हणजे एप्रिलमध्ये सकाळची शेड आणि दुपारची शेड यांत १० अंशांचा फरक असला तर आकड्यात ४ टक्के फरक नुसत्या उन्हाने पडतो.

आणि हे मोजताना अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पॅक बंद करता येत नाही, तो कायम जिवंतच असतो. ६० व्होल्ट डीसीच्या वरच्या पॅकला तर गाड्यांच्या नियमांतही हाय व्होल्टेज धरतात.

आमच्याकडे फौंड्रीतलं यूटी, म्हणजे अल्ट्रासॉनिक टेस्टिंगचं, मशीन आहे. तेच वापरलं तर?

इथं बऱ्याच जणांची निराशा होते. कास्टिंगसाठी आपण २ किंवा ४ मेगाहर्ट्झचा प्रोब लावतो. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५९०० मीटर, म्हणून ४ मेगाहर्ट्झला एका लहरीची लांबी दीड मिलिमीटर येते. निकेलची पट्टी असते ०.१५ मिमी. लहरीच्या दहाव्या हिश्श्याची वस्तू त्या लहरीला वेगळी दिसणार कशी? प्रोबच्या अगदी जवळच्या भागात तसंही काही वाचता येत नाही, आणि आपला सगळा जोड त्या भागातच असतो.

कार बॉडीच्या पत्र्यावरचे स्पॉट तपासायला १५-२० मेगाहर्ट्झचे, पुढे डिले लाइन (लहर थोडी उशिरा पोचवणारा तुकडा) असलेले छोटे प्रोब मिळतात. एक-दोन मिमीच्या बसबारला ते उपयोगी पडू शकतात. त्याहून बारीक कामाला ५० मेगाहर्ट्झ आणि त्यापुढचा अकॉस्टिक मायक्रोस्कोप लागतो. ५० मेगाहर्ट्झला ॲल्युमिनियममध्ये लहरीची लांबी ०.१३ मिमीच्या आसपास येते, मग एकजीव भाग आणि नुसता टेकलेला भाग चित्रात वेगळे दिसतात. न मिसळलेल्या जागी हवेचा पातळसा थर जरी असला तरी ध्वनी तिथून परत फिरतो, हा अल्ट्रासॉनिकचा मोठा फायदा. अडचण पाण्याची. त्याला मध्ये पाणी किंवा जेल लागतं आणि जिवंत सेल पाण्यात बुडवता येत नाही. म्हणून हे काम बहुधा नमुन्यावर होतं.

मशीन उपयोगी पडलं नाही तरी ज्याने एको (परत येणारी लहर) वाचायला शिकलंय त्याचं शिकणं वाया जात नाही. असा माणूस या कामात लवकर तयार होतो, हे मी खात्रीने सांगतो.

अल्ट्रासॉनिक वेल्डिंग आणि अल्ट्रासॉनिक टेस्टिंग एकच काय?

नाही. वेल्डिंगमध्ये २० ते ४० किलोहर्ट्झची जोरदार थरथर देऊन, दाब देऊन, धातू न वितळवता जोडतात. टेस्टिंगमध्ये मेगाहर्ट्झची हलकी लहर फक्त आत जाऊन परत येते. वेल्डिंगचं मशीन मात्र प्रत्येक टाक्याला किती ऊर्जा गेली, किती वेळ लागला आणि धातू किती दबला हे नोंदवतं. ती नोंद फुकट मिळणारी तपासणी आहे, जपून ठेवा.

डीपी किंवा एमपीआय (चुंबकीय कणांनी भेग शोधायची तपासणी) चालेल काय?

डीपी नको. पेनिट्रंट आणि क्लीनर जिवंत सेलच्या फटीत घालणं धोक्याचं आहे, आणि ते फक्त वर उघडलेली भेग दाखवतं. एमपीआयला चुंबकीय धातू लागतो. तांबं आणि ॲल्युमिनियम त्यात बसत नाहीत. कूलिंग प्लेट किंवा ॲल्युमिनियमची रिकामी पेटी असेल तर डीपी चालेल, सेल बसवायच्या आधी.

एक्स-रे काढला की सगळं दिसतं, नाही का?

पोकळी दिसते, उडालेला कण दिसतो, भेग सोयीच्या दिशेला असेल तर तीही दिसते. पण दोन पट्ट्या एकमेकांना घट्ट टेकलेल्या आहेत आणि मध्ये मिसळल्या नाहीत, हे वरून काढलेल्या एक्स-रेत दिसत नाही. एक्स-रेला जाडीतला आणि घनतेतला फरक कळतो. मध्ये फटच नाही, तर फरक कुठून येणार? कास्टिंगवाल्यांचा एक्स-रेवर फार विश्वास असतो, कारण तिथं दोष म्हणजे पोकळीच. सीटी स्कॅनने वेल्डची खोली आणि आकार चांगला मोजता येतो, पण वेळ लागतो, म्हणून ते नमुन्यासाठी आणि तक्रारीच्या शोधासाठी.

औद्योगिक एक्स-रे यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची, परवानगी लागते आणि ती त्यांच्या ई-लोरा पोर्टलवरून घ्यायची असते. शेड उद्यमबागेत असो की सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीत, हा नियम केंद्राचा, दोन्हीकडे एकच. रेडिएशनमध्ये काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि सामान्य माणसाला १ मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. जुनं यंत्र स्वस्तात मिळतंय म्हणून कागदपत्रांशिवाय आणू नका.

थर्मल कॅमेरा घेतला तर?

चांगला उपाय, पण वापरायची रीत माहीत हवी. चकचकीत तांबं आणि ॲल्युमिनियम स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतात आणि आरशासारखी दुसऱ्याची परत फेकतात. त्यामुळे ७० अंशांचा बसबार कॅमेऱ्यात ३५ दाखवू शकतो, आणि तुमच्याच तोंडाची उष्णता तिथं दिसू शकते. जोडाशेजारी कॅप्टॉन टेप (उष्णता सहन करणारी पिवळसर टेप) किंवा काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि टेपचं तापमान वाचा.

एका जोडाच्या तापमानाकडे बघू नका. सारख्या करंटला शेजारच्या दहा जोडांपेक्षा हा किती वर आहे ते बघा. करंट सुरू केल्यावर पहिल्या काही सेकंदांतला फरक सगळ्यात बोलका असतो, कारण नंतर धातू उष्णता पसरवून टाकतो. प्रगत कारखान्यांत लेझरचा किंवा फ्लॅशचा झटका देऊन उष्णता जोडातून पलीकडे कशी जाते ते टिपतात. तिथं सेलमधून करंट सोडायचीही गरज नसते.

लेझर वेल्डिंग चालू असतानाच तपासता येतं म्हणे?

येतं, आणि पुढचं काम याच दिशेने चाललंय. वेल्ड होताना परत येणारा लेझरचा प्रकाश, वाफेचा उजेड आणि उष्णता हे तीन सिग्नल सेन्सर टिपतात आणि चांगल्या वेल्डच्या आलेखाशी ताडून बघतात. दुसरी पद्धत ओसीटीची: एक वेगळा मंद किरण वितळलेल्या धातूतल्या छिद्रात उतरतो आणि त्याची खोली तिथल्या तिथं मोजतो.

तांब्याला याची जास्त गरज असते. नेहमीच्या इन्फ्रारेड लेझरचा फार थोडा, पाच टक्क्यांच्या आसपासच प्रकाश थंड तांबं शोषतं, बाकीचा परत फेकतं. १०८५ अंशांना वितळायला लागलं की शोषण एकदम वाढतं, धातू उसळतो आणि थेंब उडतात. म्हणून हिरव्या आणि निळ्या लेझरकडे लोक वळलेत. तांबं-ॲल्युमिनियमचा जोड आणखी नाजूक: दोन्ही जास्त मिसळले तर मध्ये ठिसूळ थर तयार होतो. आज रेझिस्टन्स छान, काही महिन्यांच्या तापण्या-थंड होण्यानंतर भेग. हा दोष पहिल्या दिवशीच्या कुठल्याच मीटरवर येत नाही, नमुने गरम-थंड करूनच तो बाहेर काढावा लागतो.

हेलियम टेस्ट कशासाठी?

गळतीसाठी. चौकोनी सेलचं झाकण आणि कूलिंग प्लेट यांना ती लागते. हेलियमचा अणू बारीक, हवेत तो दहा लाखांत पाचच भाग असतो, म्हणून थोडा जरी निसटला तरी यंत्राला कळतं. करंटच्या जोडाशी याचा संबंध नाही.

न तोडता तपासायचं, मग पील टेस्ट का करायची?

कारण कुठलंही यंत्र तुम्हाला फक्त आकडा देतं. त्या आकड्याचा अर्थ जोड तोडूनच ठरतो. रिकाम्या डब्यावर पट्टी मारा आणि पक्कडीने सोलून काढा. पट्टी फाटून तिचं बटण डब्यावरच राहिलं तर टाका लागला. पट्टी स्वच्छ निघून आली आणि मागे नुसता ठिपका उरला, तर तो टाका नव्हताच. दर शिफ्टच्या सुरुवातीला, इलेक्ट्रोड घासल्यावर, पट्टीचा नवा रोल लावल्यावर हे करायचंच.

फौंड्रीवाल्यांना इथं एक मोठी सोय आहे. एसजी आयर्नमधले ग्रॅफाइटचे गोळे बघायला तुमच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोप आणि पॉलिशिंगची चकती असते. नमुना जोडावर कापून, रेझिनमध्ये बसवून, पॉलिश करून त्याखाली ठेवला की वेल्डची खोली थेट मोजता येते. फक्त नायटलने (लोखंडाच्या नमुन्याला लावायच्या द्रावणाने) भागणार नाही: तांब्याला फेरिक क्लोराइडचं द्रावण आणि ॲल्युमिनियमला केलरचं वापरतात. चार्ज असलेला सेल कधीही कापायचा नाही, नमुना रिकाम्या डब्याचा किंवा नुसत्या पट्ट्यांचा घ्यायचा.

निकेल पट्टी खरी की मुलामा दिलेली, कसं ओळखायचं?

चुंबकाने ओळखता येत नाही, कारण निकेल आणि लोखंड दोन्ही चिकटतात. चार तारांच्या मीटरने मोजा. ८ मिमी रुंद, ०.१५ मिमी जाड, १० सेमी लांब शुद्ध निकेल पट्टी सुमारे ५.८ मिलिओहम दाखवते. निकेलचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी साधारण दुप्पट दाखवते. दुसरी साधी परीक्षा: पट्टी कानशीने घासून मिठाच्या पाण्यात ठेवा, पोलाद असेल तर गंज येतो. आपल्याकडच्या जून-सप्टेंबरच्या दमट हवेत ही फसवणूक पॅकच्या आतही गंजते.

छोट्या युनिटला कमीत कमी काय लागेल?

माझ्या मते सुरुवात पील टेस्टचा जिग, भिंग असलेला दिवा आणि मायक्रो-ओहम मीटर यांनी करा. आधी शंभर-दोनशे चांगल्या जोडांचे आकडे लिहून काढा, मग कुठल्या आकड्यावर अडवायचं ते ठरेल. दुसऱ्याच्या कारखान्यातली मर्यादा उचलून आणू नका, तुमची पट्टी वेगळी, तुमची मशीन वेगळी. नंतर पैसे जमले तर थर्मल कॅमेरा. एक्स-रे आणि सीटी बाहेरून करून घ्या. प्रत्येक पॅकला नंबर द्या आणि त्या नंबरखाली जोडांचे आकडे, मशीनची सेटिंग, तारीख ठेवा.

एआयएस १५६ पास झालेला पॅक असेल तर ही तपासणी लागते काय?

लागते. ही बॅटरीच्या सुरक्षेची मानकं आहेत: एआयएस १५६ दुचाकी-तीनचाकीसाठी, एआयएस ०३८ चारचाकीसाठी. २०२२ मध्ये स्कूटरला आगी लागल्यावर त्यात दुरुस्त्या झाल्या आणि त्या १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. पण कंपन, धक्का, शॉर्ट सर्किट या चाचण्या नमुन्याच्या पॅकवर होतात. मंगळवारी दुपारी तुमच्या शेडमध्ये बांधलेल्या पॅकचा एकशे चाळिसावा टाका त्या प्रयोगशाळेने बघितलेला नसतो.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालंय. या कामात जमेल काय?

नक्की जमेल. इंडियन सोसायटी फॉर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग, म्हणजे आयएसएनटी, हिचं मुख्यालय चेन्नईला आहे आणि शाखा पुणे, मुंबई, बंगळूरलाही आहेत. प्रमाणपत्राच्या तीन पातळ्या असतात. लेव्हल १ सूचनेप्रमाणे तपासतो, लेव्हल २ निकाल देतो आणि सूचना लिहितो, लेव्हल ३ पद्धत ठरवतो. बॅटरीकडे जायचं असेल तर यूटी घ्याच, त्याला थर्मोग्राफी किंवा लीक टेस्टिंगची जोड द्या. प्रोसीजर बहुतेक इंग्रजीत असतात, तेवढं वाचण्यापुरतं इंग्रजी पक्कं करा.

शेडमध्ये कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणारे असतात, तेव्हा चांगल्या आणि खराब टाक्याचे मोठे फोटो मशीनशेजारी लावा. शिफ्ट बदलताना दोघांना एकच गोष्ट दिसली पाहिजे.

खराब निघालेला टाका त्याच जागी पुन्हा मारला तर?

त्याच जागी नको. पहिल्या टाक्याने तिथला पत्रा आधीच तापून पातळ झालेला असतो. गोल सेलच्या तळाचा पत्रा मुळात ०.२-०.३ मिमीच्या घरातला. दुसरा झटका आरपार जाऊ शकतो किंवा आतला सेपरेटर (थरांना वेगळं ठेवणारा पडदा) भाजू शकतो. पट्टीवर मोकळी जागा असेल तर बाजूला नवा टाका मारा, पुन्हा मोजा आणि दुरुस्ती केल्याची नोंद त्या पॅकच्या नंबरखाली करा. जागा नसेल तर सेल काढून ठेवा. लेझरच्या जोडावर पुन्हा लेझर फिरवायचा निर्णय तर ऑपरेटरने एकट्याने घ्यायचाच नाही. त्यासाठी किती खोल जाईल याचे कापलेले नमुने आधी हातात हवेत.